नरांना हाकलणाऱ्या माश्या आणि देवाचा चांगुलपणा

प्रश्न : फादर, मधमाश्यांच्या पेटीत देवाचा चांगुलपणा डोळ्यांनी दिसतो, असं तुम्ही मागच्या अंकात लिहिलंत. आमच्या शेजाऱ्यांकडे सातेरीच्या, म्हणजे लहान देशी मधमाश्यांच्या, पेट्या आहेत. मिरग लागल्यावर कामकरी माश्या नरांना पंखाला धरून दाराबाहेर ओढत होत्या. बिचारे भिजून मेले. यात चांगुलपणा कसला? – एक शिक्षिका, कुडाळ

उत्तर : बाई, पेटीच्या दाराशी बसून तुम्ही पाहिलंत, हे मला फार आवडलं. षटकोनी घरं दाखवायची, ‘बघा देवाचं गणित’ म्हणायचं आणि बाकीचं झाकायचं, अशी प्रवचनं मी पुष्कळ ऐकली आहेत. षटकोनात कमीत कमी मेणात जास्तीत जास्त जागा मिळते हे खरंच, गणितज्ञांना त्याची पक्की सिद्धता १९९९ साली सापडली. पण काटकसरी कर्ता दयाळूही असेलच, असं त्यावरून ठरत नाही.

आता तुमचे नर. त्यांना नांगी नाही, फुलांवरून काही आणता येत नाही. डोळे मात्र भलेमोठे, कारण उंच हवेत राणी हेरायची असते. राणी एकाच नव्हे, अनेक नरांचं बीज घेऊन परतते आणि आयुष्यभर पोटात जपते. त्यामुळे एका पेटीतल्या बहिणी अनेक बापांच्या, आणि असं मिश्र घर रोगाला सहसा लवकर बळी पडत नाही. खुद्द नराला मात्र बापच नसतो! फलित न झालेल्या अंड्यातून तो जन्मतो. हे १८४५ साली मांडलं सायलेशियातल्या जेर्झोन नावाच्या कॅथलिक धर्मगुरूने. (पोपची शिकवण चुकूच शकत नाही, या सिद्धांतावरून पुढे त्याचं चर्चशी फाटलं, माश्यांशी कधी नाही.)

आपल्याकडे पावसाळ्यात माशीला बाहेर पडता येत नाही, बाहेर फारसा फुलोराही नसतो. असेल त्या साठ्यावर दिवस काढायचे, शिवाय पिल्लांपाशी ३४-३५ अंशांची ऊब राखायची. नर पोसत बसलं तर अख्खं घर उपाशी मरेल. पण हा झाला घराचा हिशोब. त्या भिजणाऱ्या नरापुरतं बोलायचं तर ही दया नव्हे, आणि मी तिला दया म्हणणार नाही. सृष्टी अजून कण्हते आहे, असंच आमची श्रद्धा सांगते. त्या कण्हण्यात तोही आला.

मला चांगुलपणा दिसतो तो एप्रिलमध्ये, जांभळीच्या फुलोऱ्यावर. कामाच्या दिवसांत कामकरी माशी जगते जेमतेम सहा आठवडे. एप्रिलात राबणारी आषाढ पाहत नाही. तिचा मध खाणाऱ्या बहिणी तेव्हा जन्मलेल्याही नसतात. तिला हुकूम कुणी करत नाही, राणी तर फक्त अंडी घालते. चांगला फुलोरा सापडला की ती अंधाऱ्या पोळ्यावर नाचून, सूर्याच्या मानाने कुठल्या दिशेला आणि किती लांब, ते इतरांना सांगते. कार्ल फॉन फ्रिश यांनी ही नाचाची भाषा उलगडली, १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं. आणि ती पोटापाण्यासाठी हिंडते तेव्हा तुमच्या परसातल्या काकडीला, भोपळ्याला फळ धरतं. घेता घेता देणं होईल अशी ही घडण आपोआप जुळली असेल, असं तुमचे विज्ञानाचे सहकारी म्हणतील. मला तिच्यात घडवणाऱ्याचा स्वभाव दिसतो. सिद्ध करून दाखवा म्हणाल, तर नाही जमणार.

प्रश्न : फादर, मध काढणं ही माश्यांची चोरी नव्हे का? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : पोळं पिळून काढलात तर चोरी आणि वर हत्या, पिल्लं चिरडतात. लँगस्ट्रॉथ या अमेरिकन पाद्र्याच्या १८५१ साली लक्षात आलं, की माश्या ये-जा करायला साधारण ९ मिलिमीटरची वाट मोकळी सोडतात. तेवढी जागा ठेवून त्याने सुट्या चौकटींची पेटी केली. आपल्या लहान देशी माशीला बेताची पेटी तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला बसवली. आता वरच्या मजल्यावरच्या चौकटी यंत्रात फिरवायच्या, मध निघतो, पोळं शाबूत परत. खालच्या, पिल्लांच्या मजल्याला हात लावायचा नाही आणि पावसाळ्यात साखरेचा पाक ठेवायचा. साखर महाग वाटत असेल तर पेटी ठेवू नका.