तुझ्या रिफ्लेक्शनमध्ये तुमचा गट कुठे आहे?

प्रिय मुली,

गटाच्या प्रेझेंटेशननंतर तू लिहून पाठवलेलं रिफ्लेक्शन, म्हणजे झालेल्या कामाकडे मागे वळून बघणारं टिपण, वाचलं. दोन पानं आहेत, भाषा नीटनेटकी आहे. तरीही सांगते, हे असंच जमा करू नकोस. ‘आम्ही सर्वांनी खूप मेहनत घेतली’, ‘टीमवर्कचं महत्त्व कळलं’, ‘वेळेचं नियोजन आणखी चांगलं करता आलं असतं’ ही वाक्यं खोटी नाहीत. पण त्यातला तुमचा विषय खोडून शेजारच्या गटाचा विषय घातला, तर बाकी एक शब्द बदलावा लागणार नाही. मला त्यात तुमचा गट दिसला नाही, आणि तूही दिसली नाहीस.

खरी गोष्ट तू फोनवर सांगितलीस. तुमचं प्रेझेंटेशन एसटीच्या सवलतींवर होतं. महिलांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून लागू झालं, हे तू तुझ्या भागात बरोबर सांगितलंस. पण तुझ्यानंतर बोलणाऱ्या मुलीच्या तक्त्यात त्याच सवलतीसमोर ऑगस्ट २०२२ होतं. ती तारीख पंचाहत्तरी ओलांडलेल्यांच्या मोफत प्रवासाची. स्लाइडी एकत्र करताना ओळ खालीवर झाली. मागच्या बाकावरून सरांनी विचारलं, ‘नक्की कधीपासून?’ आणि तुम्ही पाचही जण एकमेकांची तोंडं बघत राहिलात. ते सांगताना फोनवरसुद्धा तुझा आवाज बदलला होता. मग तो प्रसंग या दोन पानांत का नाही?

तिथूनच सुरुवात कर. तारीख चुकली, हे सांगायला एक वाक्य पुरे. ती चूक तुमच्यापैकी एकालाही आधी का दिसली नाही, यावर मात्र अर्धं पान खर्च कर. तू सांगितलंस त्यावरून मला चित्र असं दिसतं: विषयाचे पाच तुकडे केले, प्रत्येकाने आपापल्या स्लाइडी केल्या, आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर टाकल्या आणि एकीने जागून त्या जोडल्या. पूर्ण प्रेझेंटेशन पहिल्या स्लाइडपासून शेवटच्यापर्यंत कोणी पाहिलंच नव्हतं. वर्गात तू बोलून झालीस आणि ‘सुटले एकदाची’ म्हणून बाजूला झालीस. जिची पाळी यायची होती ती मनातल्या मनात आपली वाक्यं घोकत होती. म्हणजे पुढची मुलगी चुकीची तारीख वाचत होती तेव्हा तुमच्या गटातलं कोणीच तिचं ऐकत नव्हतं. सर ऐकत होते, म्हणून त्यांना चूक सापडली.

इतकी वर्षं संवादकौशल्य शिकवून माझं ठाम मत झालं आहे की बहुतेक गटांचं प्रेझेंटेशन म्हणजे एकापाठोपाठ एक उरकलेली चार-पाच भाषणं असतात. एकाचं बोलणं संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, त्या जागेकडे कोणाचंच लक्ष नसतं. सगळं घसरतं ते तिथेच. पुढच्या वेळी हातात वीसच मिनिटं असतील तर फक्त या जागांची तालीम करा. प्रत्येकाने आपलं शेवटचं वाक्य म्हणायचं, पुढच्याने ते उचलून आपलं पहिलं वाक्य म्हणायचं, बस. आणि एकदा तरी भाग अदलाबदल करून बोलून बघा. पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांसाठी एकांकिका बसवणारी मुलं तुमच्याच वयाची असतात. तालमी करता करता त्यांना दुसऱ्यांची वाक्यंही पाठ होऊन जातात. एखादा अडखळला तर समोरचा सावरून घेतो, कारण तो ऐकत असतो.

आता तुझ्या दुसऱ्या पानावरचं ते वाक्य: ‘एका सदस्याने फारसा सहभाग घेतला नाही.’ मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच.

रिंगेलमान नावाचे एक फ्रेंच कृषी अभियंता होते. माणसं एकत्र दोर ओढतात तेव्हा प्रत्येकाचा जोर कमी पडतो, हे त्यांनी मोजून दाखवलं आणि १९१३ मध्ये प्रसिद्ध केलं. आठ जणांनी मिळून ओढलं तेव्हा त्यांच्या एकेकट्याच्या जोराच्या बेरजेच्या जेमतेम निम्मा जोर लागला. याची कारणं दोन. एक, गर्दीत माणूस हात आखडता घेतो. १९७९ मध्ये लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून हे पुन्हा तपासलं. आपल्याबरोबर इतरही ओरडताहेत असं नुसतं वाटलं, तरी विद्यार्थ्यांचा आवाज खाली आला. दुसरं कारण साधं आहे: सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही. विद्यार्थी लिहितात ते नेहमी पहिलं कारण, कारण त्यात दोष दुसऱ्याचा असतो. दुसरं लिहायचं तर स्वतःचंही नाव घ्यावं लागतं.

आणि त्या मुलाबद्दल तूच मला काय सांगितलंस ते आठव. स्टँडवर कोण गेलं होतं? कंडक्टरशी कोण बोललं? पूर्वी सणावारालाच माहेरी जाणारी बाई आता दर पंधरवड्याला जाते, हे तुमच्या प्रेझेंटेशनमधलं एकमेव जिवंत वाक्य कोणी आणलं? त्यानेच ना? मग वर्गात तो लॅपटॉपजवळ उभा राहून स्लाइडी का बदलत होता, आणि त्याच्या वाट्याला फक्त शेवटचं ‘थँक यू’ का आलं? तू म्हणालीस, तो मराठी माध्यमातला आहे, इंग्रजीत अडखळतो, मार्क जायला नकोत म्हणून आम्ही तसं ठरवलं.

मुली, हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे आणि मला याचा मनापासून त्रास होतो. ज्याने माहिती मिळवली त्याच्याकडून ती काढून घ्यायची, जिचं इंग्रजी सफाईदार तिच्या तोंडी घालायची, आणि वर लिहायचं की त्याने सहभाग घेतला नाही. संवादाचा तास यासाठी नसतो. तो अडखळत बोलला असता तरी वर्गाने कान देऊन ऐकलं असतं, कारण त्या बाईला भेटलेला तो एकटाच होता. सरांच्या प्रश्नाचं उत्तरही कदाचित त्याच्याकडेच असेल. त्याला कोणी विचारलं का?

तू हे दुष्टपणाने लिहिलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. आपलं काम आपल्याला आतून दिसतं, दुसऱ्याचं फक्त बाहेरून. रॉस आणि सिकोली या कॅनडातल्या दोन संशोधकांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं, घरातल्या कामातला तुमचा वाटा किती? बहुतेक जोडप्यांच्या उत्तरांची बेरीज पूर्ण कामापेक्षा जास्त भरली. तुमच्या गटातही करून बघ. पाच चिठ्ठ्यांवर प्रत्येकाने गुपचूप आपला टक्का लिहायचा आणि बेरीज करायची. ती शंभराच्या किती वर जाते, ते रिफ्लेक्शनमध्ये लिहायला सगळ्यांची परवानगी घे. पानभर ‘टीमवर्क’ लिहिण्यापेक्षा तो एक आकडा जास्त सांगेल.

तुझे हात थरथरत होते आणि सगळ्यांना ते दिसत होतं, असंही तू लिहिलं आहेस. एवढं दिसत नसतं. आपली घबराट समोरच्याला आपल्या कल्पनेपेक्षा खूप कमी कळते. सावित्स्की आणि गिलोविच यांच्या २००३ च्या प्रयोगात ज्यांना ही गोष्ट भाषणाआधी समजावून सांगितली होती, त्यांची भाषणं ऐकणाऱ्यांनाही अधिक चांगली वाटली. मैत्रिणीने मोबाइलवर केलेलं शूटिंग आधी आवाज बंद करून बघ, मग स्क्रीन उलटी ठेवून नुसतं ऐक. थरथर शोधत बसू नकोस. दुसरं कोणी बोलत असताना तू कुठे बघत होतीस, तेवढं बघ.

सरांनी दिलेला सहा टप्प्यांचा साचा ग्रॅहम गिब्ज यांचा आहे, १९८८ मधला: काय घडलं, काय वाटलं, बरं-वाईट काय, का घडलं, आणखी काय करता आलं असतं, पुढे काय करणार. साचा उपयोगी आहे, पण सहाही खणांत चार-चार ओळी भरू नकोस. ‘काय घडलं’ पाच ओळींत संपव. ‘का घडलं’ला हवी तितकी जागा दे. आणि ‘पुढे काय करणार’ यात ‘अधिक सराव करीन’ नको. कोण, कधी, काय, असं लिही. जोडलेल्या स्लाइडी बाकीच्या चौघांनी वाचून ‘पाहिल्या’ असं कळवल्याशिवाय फाइल बंद होणार नाही, एवढा एक नियमसुद्धा पुरेसा आहे.

खरं लिहिलं तर मार्क जातील का, असं तू विचारलं होतंस. मी स्वतः असे गठ्ठे तपासले आहेत. दहावा कागद वाचेपर्यंत त्याच त्या वाक्यांनी डोळे थकतात, आणि मग एखादी मुलगी लिहिते की तारीख चुकली तेव्हा मी माझ्या मैत्रिणीचं ऐकत नव्हते, तिथे हातातलं पेन थांबतं. तुझे सर वेगळे असतील असं मला वाटत नाही.

त्या मुलाबद्दल मात्र त्याला न विचारता काही लिहू नकोस. लिहिलंस तरी नाव घालू नकोस. आधी त्याला कँटीनमध्ये गाठ आणि विचार, स्टँडवर ऐकलेलं काय काय स्लाइडवर आलंच नाही? तो सांगेल ते वहीत उतरवून घे. मग नव्याने लिहायला बस. सोमवारी जमा करायचं आहे ना? रविवारी दुपारपर्यंत पाठव, संध्याकाळी वाचून फोन करते.

तुझी,
मॅडम