खाणीला विरोध केला म्हणून चॅप्टर केसची नोटीस आली आहे, बॉन्डवर सही करून मोकळं व्हावं का?

सही करू नका. निदान वकिलाला दाखवल्याशिवाय तरी नकोच. बॉन्ड म्हणजे ठरावीक मुदतीत शांतता राखीन, नाहीतर रक्कम भरीन, अशी लेखी हमी.

आमचं गाव सिंधुदुर्गात, गोव्याच्या हद्दीला लागून. लोहखनिजाचे डंपर वाडीतून धावायला लागले तेव्हा बाबा आणि वाडीतल्या बायका रस्त्यात बसल्या. कुणी खडासुद्धा उचलला नव्हता. तरी शांतताभंगाची शक्यता म्हणून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७च्या नोटिसा आल्या, हीच चॅप्टर केस, त्याही ऐन काजूच्या हंगामात. अकराला बोलवायचं, तहसीलच्या व्हरांड्यात बसवून ठेवायचं, आणि चार वाजता शिपाई सांगणार, साहेब दौऱ्यावर आहेत, पुढची तारीख घ्या. घरी बी वेचायला माणूस नाही, झाडाखालची बोंडं गुरं खातायत. बायका एसटीचे पैसे पदराच्या टोकाला बांधून यायच्या. माणसं दमवायची, एवढाच त्यामागचा हेतू.

मुंबईहून काकांचा फोन: सही करून टाक, एका कागदाने काय होतंय? अहो, बॉन्ड दिला की मुदतीत पुन्हा रस्त्यावर बसलात तर शांतताभंग म्हणून रक्कम जप्त होऊ शकते. ज्यांनी सह्या केल्या ते पुढच्या ग्रामसभेलाही फिरकले नाहीत. बाबांचं एकच म्हणणं, "मी काय चोरी केलंय? सही कित्याक करू?" अशी चौकशी सहा महिन्यांत पुरी झाली नाही तर सहसा आपोआप बंद होते, तशीच ती झाली. काका अजून म्हणतात, भावाने हट्टापायी हंगाम घालवला. २०२१च्या पावसात आमच्याच जिल्ह्यातल्या कळणे गावच्या खाणीचा बांध फुटून चिखल लोकांच्या घरादारांत, बागांत शिरला, तो त्यांनी एकदा येऊन बघायला हवा होता. हंगाम पुढच्या वर्षी परत येतो. चिखलाखाली गेलेली बाग येत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

तुमच्या नोटिशीत आता १०७ऐवजी नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२६ असेल, पद्धत तीच. तारीख चुकवू नका, रोजनाम्याची, म्हणजे त्या तारखेला काय झालं त्या नोंदीची, नक्कल मागून घ्या. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. चौकशी चालू असतानाच अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा, बॉन्ड मागितला आणि दिला नाही तर कोठडीत टाकू शकतात, म्हणून वकील हवाच.

बदनामीचा दावा असेल तर गोष्ट वेगळी. गोव्यातल्या एका कार्यकर्त्यावर खाण कंपनीने ५०० कोटींचा दावा थेट कोलकात्यात लावला होता. अशा दाव्यात लेखी कैफियत, म्हणजे आपलं उत्तर, ३० दिवसांत द्यावी लागते, फार तर ९०.

मी वकील नाही. आणि सरकारी कामात अडथळ्याचं कलम लावलं असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी अटकपूर्व जामिनाचं बघा.