विद्यापीठ आणि गावच्या शाळा यांच्या भागीदारीचा कारभार कोणी आणि कसा चालवावा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तुमच्या विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाला एका तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांसोबत शिक्षक-विकासाचा तीन वर्षांचा कार्यक्रम करायचा आहे. सामंजस्य कराराचा मसुदा तयार आहे. समिती कशी नेमावी, अध्यक्ष कोण असावा आणि वर्षाला किती बैठका घ्याव्यात?

मी यवतमाळ जिल्ह्यात केळापूर-घाटंजी भागात आधी शिक्षक होतो, नंतर केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या गटाचा (केंद्राचा) पर्यवेक्षक झालो. विद्यापीठांची, अध्यापक महाविद्यालयांची, संस्थांची माणसं शाळेत येताना आणि काही महिन्यांनी येईनाशी होताना जवळून पाहिली आहेत. त्यामुळे माझं उत्तर शाळेच्या बाजूचं आहे.

अध्यक्ष कोण, हे नंतर ठरवा. काम कोणत्या विषयावर करायचं हे कोण ठरवणार, ते आधी ठरवा. विषय विद्यापीठात ठरणार असेल तर समितीत कितीही शिक्षक घ्या, ते प्रशिक्षणच राहील. आणि प्रशिक्षणं आमच्याकडे भरपूर होतात. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची येतात, डाएटची म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेची येतात, पंचायत समितीत साधनव्यक्ती घेतात. ती वाईट असतात असं मी म्हणत नाही, पण त्यांचे विषय वरून येतात. विद्यापीठानं त्यात आणखी एका प्रशिक्षणाची भर घालू नये. नवं काही करायचं असेल तर ते हेच, की विषय खालून यावा.

आमच्या केंद्रात एका विद्यापीठाचा विभाग अध्ययन-अध्यापनाच्या नव्या पद्धती घेऊन आला होता. छापील पुस्तिका होत्या, मांडणी चांगली होती. त्याच महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या मासिक बैठकीत, आम्ही शिक्षकांना कोरे कागद दिले आणि नाव न घालता आपली अडचण लिहायला सांगितली. पुस्तिकेतला एकही विषय त्यात नव्हता. दोन शिक्षक, पाच वर्ग, म्हणजे एकाच वेळी तीन वर्ग कसे हाताळायचे, हे सर्वात जास्त जणांनी लिहिलं होतं. कोलाम आदिवासींच्या पोडावरून (वस्तीवरून) पहिलीत येणारं लेकरू घरी कोलामी बोलतं, पुस्तक मराठीत आहे, शिक्षकाला कोलामी येत नाही, मग पहिले सहा महिने काय करायचं, हे त्याखालोखाल. मग हातच्याची वजाबाकी. आणि दिवाळीनंतर कापूस वेचायला आईबापासोबत जाणारी पोरं जानेवारीत परत आली की त्यांना कुठून शिकवायचं.

यातल्या प्रत्येक प्रश्नावर विद्यापीठाकडं देण्यासारखं खूप आहे. बहुवर्ग अध्यापनावर, घरच्या भाषेतून शाळेच्या भाषेकडे जाण्यावर जगभर काम झालेलं आहे आणि आमच्या शिक्षकाला ते कुठं मिळेल हे माहीत नसतं. पुढं त्याच विभागातल्या गणिताच्या एक मॅडम आमच्या एका शाळेत चौथीच्या वर्गात मागं बसू लागल्या. वेचाईच्या मजुरीचा हिशेब पोरं तोंडी बिनचूक सांगतात आणि तीच वजाबाकी पाटीवर चुकते, हे त्यांनी शिक्षकाच्या लक्षात आणून दिलं. शिक्षक रोज वर्गात असूनही हे त्याच्या नजरेतून सुटलं होतं, आणि मॅडमना ते पुस्तकातून कळणार नव्हतं. दोघं एका वर्गात बसले म्हणून कळलं. तुमच्या कार्यक्रमातून अशा जोड्या तयार व्हाव्यात, बाकी सगळा कारभार त्यासाठीच आहे.

आता समितीबद्दल. दोन पातळ्या ठेवा. वरची तालुक्याची, वर्षातून दोनदा बसणारी. तिच्यात गटशिक्षणाधिकारी, डाएटचे अधिव्याख्याता, विद्यापीठाचे विभागप्रमुख, प्रत्येक केंद्रातून दोन शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे दोन पालक असावेत. शिक्षण हक्क कायद्यानं या शाळा समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या आहेत, तेव्हा त्या दोघांत एक आई असावी. अध्यक्ष गटशिक्षणाधिकारी. कारण रजा, मान्यता, आदेश हे त्यांच्याच सहीनं निघतं.

खरं काम खालच्या पातळीवर, केंद्राच्या गटात होतं. तो महिन्यातून एकदा, शिक्षण परिषदेलाच जोडून बसावा, वेगळा दिवस मागू नका. या गटाचा अध्यक्ष वर्गात शिकवणारा शिक्षक असावा आणि दरवर्षी बदलावा. केंद्रप्रमुख नको, हे मी स्वतः केंद्रप्रमुख राहिलेला माणूस म्हणून सांगतो. जो माणूस शाळेच्या शेरेबुकात शेरा लिहितो, ज्याच्या मताचा गोपनीय अहवालावर परिणाम होतो, त्याच्यासमोर कोणताही शिक्षक 'मला हे जमत नाही' असं म्हणणार नाही. आणि तेवढं म्हटल्याशिवाय शिक्षक-विकास सुरूच होत नाही. म्हणून करारात एक वाक्य स्पष्ट लिहून घ्या: या कार्यक्रमात वर्गात जे पाहिलं जाईल ते तपासणीत, शेऱ्यात किंवा अहवालात वापरलं जाणार नाही. त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची सही घ्या. याच एका वाक्यासाठी अडून बसावं लागलं तर बसा.

वेळेचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. विदर्भात शाळा जूनच्या शेवटाला उघडते. जुलै प्रवेश, पुस्तकं, यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती यात जातो आणि पूर्व विदर्भात तेव्हाच धानाची रोवणी असते. नोव्हेंबर-डिसेंबरात तुमच्याकडे हिवाळी परीक्षा आणि आमच्याकडे कापूस. मार्चपासून सकाळची शाळा, मोहफुलांचे दिवस, मग तुमच्या उन्हाळी परीक्षा. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारणाची कामं कायद्यानंच शिक्षकाला लागू आहेत, ती नाकारता येत नाहीत. सगळं वजा केलं की ऑगस्टच्या मध्यापासून दिवाळीपर्यंतचा आणि जानेवारी-फेब्रुवारीचा काळ उरतो. तेवढाच धरून जूनमध्ये दोन्ही बाजूंनी मिळून वर्षाचं वेळापत्रक करा आणि त्याबाहेर शिक्षकाला बोलावू नका. अमरावतीहून झरी-जामणीच्या पोडावर पोचायचं म्हटलं तर तुमचाही अर्धा दिवस प्रवासातच जातो, हेही धरा.

द्विशिक्षकी शाळेतला एक शिक्षक बैठकीला आला की दुसऱ्याकडे पाचही वर्ग जातात. इथं तुमचे छात्राध्यापक उपयोगी पडू शकतात. 2014 च्या नियमांनी दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून करायचा सराव, घातली आहे. बहुतेक महाविद्यालयं ती शहरातल्या जवळच्या शाळांत उरकतात. त्यातला काही काळ या केंद्रात द्या, बैठकीच्या दिवशी दोघा-दोघांना शाळेवर पाठवा, म्हणजे मागं राहिलेला शिक्षक एकटा पडणार नाही. मात्र रिक्त जागा भरायला त्यांना वापरायचं नाही आणि वर्ग त्यांच्या एकट्याच्या भरवशावर सोडायचा नाही. हेही करारात हवं, कारण दुसऱ्याच वर्षी ती मागणी येते.

आता ज्या गोष्टीमुळं बहुतेक कार्यक्रम बुडतात ती. बदली. उत्साही गटशिक्षणाधिकारी असतो तोवर सगळं चालतं, त्याची बदली झाली की नव्या साहेबांना फाइल सापडत नाही. शिक्षकांच्याही बदल्या होतात. म्हणून करार माणसाच्या नावानं न करता पदाच्या आणि केंद्राच्या नावानं करा, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या सहीनं करा आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीत ठराव घ्या. केंद्रातली प्रत्येक बैठक इतिवृत्ताच्या वहीत लिहून वही केंद्रशाळेत ठेवा, विद्यापीठात नेऊ नका. तालुक्यात आश्रमशाळा असतील तर त्या आदिवासी विकास विभागाच्या, त्यांना जिल्हा परिषदेचा आदेश लागू होत नाही. प्रकल्प अधिकाऱ्यांशी वेगळा करार करावा लागेल. खाजगी अनुदानित हायस्कूल घ्यायची असतील तर माध्यमिकचे शिक्षणाधिकारी आणि संस्थाचालक. पहिल्या वर्षी एवढा पसारा घेऊ नका, एकाच केंद्रापासून सुरुवात करा.

मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्याचा विज्ञान-शिक्षणाचा कार्यक्रम तुम्हाला माहीत असेलच. 1972 साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या स्वयंसेवी संस्थांनी सोळा उच्च प्राथमिक (सहावी ते आठवीच्या) शाळांत तो सुरू केला, दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक त्यात आले, 1978 मध्ये तो जिल्हाभर गेला, 1982 पासून एकलव्य संस्थेनं सांभाळला. मासिक बैठकांत शिक्षक प्रयोगांच्या अडचणी मांडत आणि त्यातून पाठ बदलत. विषय खालून येण्याचं आपल्याकडचं इतकं ठळक उदाहरण मला दुसरं दिसत नाही. आणि 2002 मध्ये राज्य सरकारच्या निर्णयानं तो बंद झाला. तीस वर्षांचं काम एका आदेशानं थांबू शकतं. म्हणून करारात बंद करण्याची रीतही लिहा: कोणत्याही बाजूनं थांबायचं ठरवलं तर वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबायचं नाही आणि आधी तालुक्याच्या समितीत पालकांसमोर कारण सांगायचं. त्यानं सरकारी आदेश अडणार नाही, पण निर्णय गुपचूप होणार नाही.

अमेरिकेत 1986 च्या होम्स गटाच्या अहवालानंतर अशा भागीदार शाळांची चळवळ उभी राहिली. 2008 मध्ये तिथल्या संघटनेनं अशा शाळांची नऊ लक्षणं ठरवली. त्यात लेखी करार आणि कारभारासाठी कायमचं व्यासपीठ तर आहेच, पण शाळेच्या शिक्षकाला विद्यापीठात आणि प्राध्यापकाला शाळेत औपचारिक भूमिका असावी, हेही आहे. हे शेवटचं आपण कधीच करत नाही. आमच्या अनुभवी शिक्षिकेला तुमच्या बी.एड.च्या वर्गावर बहुवर्ग अध्यापनाचे तास द्या, मानधनासह. आंतरवासितेच्या मूल्यमापनात मार्गदर्शक शिक्षकाचे गुण धरा. तुमच्या प्राध्यापकांचे शाळेतले तास कार्यभारात धरले जातील असा विद्या परिषदेचा निर्णय घ्या. नाहीतर पदोन्नतीची चिंता असलेला तरुण प्राध्यापक दुसऱ्या वर्षी येणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. 2020 च्या राष्ट्रीय धोरणात प्रत्येक शिक्षकानं वर्षाला पन्नास तास व्यावसायिक विकासाला द्यावेत असं म्हटलं आहे. केंद्रगटाचे तास त्यात धरावेत म्हणून डाएटमार्फत प्रयत्न करा.

संशोधनाबद्दल मला तळमळीनं सांगायचं आहे. पोडावरची लेकरं, त्यांची भाषा, त्यांचे गुण यावर शोधनिबंध लिहिले जातात आणि गावाला कधी कळतही नाही. शाळा व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी घ्या, लेकरांचे फोटो आणि नावं नकोत. छापण्यापूर्वी निबंधाचा मसुदा केंद्रात मराठीत वाचून दाखवा. निरीक्षणं शिक्षकाची असतील तर लेखकांत त्याचं नाव आलंच पाहिजे.

पैशाचं सोपं आहे. बैठकीला येणाऱ्या शिक्षकाचं एसटीचं भाडं आणि भत्ता कोण देणार ते लिहा, आणि ते वेळेवर द्या.

नॅकच्या, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांना श्रेणी देणाऱ्या परिषदेच्या मूल्यांकनात करारांची नोंद होते, त्यामुळं तुमच्यावर लवकर सही करण्याचा दबाव असेल हे मला समजतं. तरी सहीपूर्वी निवडलेल्या केंद्रातल्या एका शिक्षण परिषदेला जा. भाषण ठेवू नका, शिक्षकांत बसा. मसुदा सोबत न्या आणि त्यातली विषयाची जागा कोरी ठेवा. ती त्या दिवशी शिक्षकांकडून भरून घ्या, मग मसुदा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे पाठवा.