दहा लाखांची ठेव की दर जुलैचा डबा?

प्रश्न विचारणारे इचलकरंजीचे आहेत, वय 67, अनुदानित माध्यमिक शाळेतून निवृत्त. 1979 ते 81 या काळात त्यांनी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.ए. केलं. खोलीतला मित्र राधानगरीकडचा. त्याचा डबा रोज गावाहून एसटीने यायचा आणि दोघांपैकी एकजण सायकलवरून स्टँडवर जाऊन तो घेऊन यायचा. मित्राची आई अंथरुणाला खिळली, डबा बंद झाला. मेसला पैसे भरणं जमेना, तेव्हा दुसऱ्या वर्षाची परीक्षा न देताच तो गावी परतला. यंदा वर्गमित्र पुन्हा एकत्र आले, पण तो आता हयात नाही. त्याच्या नावाने विद्यापीठाकडे 10 लाखांची कायम ठेव ठेवून व्याजातून दरवर्षी गरजू विद्यार्थ्याला बक्षीस द्यावं, असं या वाचकांच्या मनात आहे. पेन्शन 44,000, घरखर्च 36,000. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 20 लाख, बँकेत मुदत ठेव 12 लाख, म्युच्युअल फंडात 6 लाख. घर स्वतःचं. पत्नी 63 वर्षांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन सुचवलेलं, आरोग्य विमा नाही.

सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पैसे जरूर द्या. पण 10 लाख एकरकमी देऊ नका, आणि बक्षीस म्हणूनही देऊ नका.

आधी काकूंचा विचार करू. आज पेन्शनमधून खर्च भागून 8,000 उरतात, म्हणून हात मोकळा वाटतो. पण तुमच्या माघारी कुटुंब निवृत्तिवेतन साधारण 26,000 च्या आसपास येईल, आणि घरखर्च काही निम्मा होत नाही. ती तूट तुमच्या एकूण 38 लाखांच्या उत्पन्नातून भरून निघते. 10 लाख दिल्यावर उरणाऱ्या 28 लाखांतूनही आज निघेल, पण महागाई वाढत जाते आणि व्याजदर कधी खाली येतील याचा नेम नसतो. त्यात विमा नाही. 70 पूर्ण झाल्यावर सरकारच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण त्याला तुम्हाला 3 वर्षं आहेत आणि काकूंना 7. त्यामुळे बँकेतल्या 12 लाखांना हात लावायचा नाही. ती तुमच्या दोघांच्या दवाखान्याची रक्कम समजा.

आता कायम ठेवीबद्दल. तुम्ही शिकत होता त्या काळात कुणी 5,000 ची ठेव ठेवली असेल, तर 10 टक्क्यांनी वर्षाला 500 रुपये यायचे. त्या 500 ला तेव्हा वजन होतं. मुद्दल आजही तेवढंच असेल तर साडेसहा टक्क्यांनी 325 रुपये येतात. पाटीवर नाव राहतं, पण त्या पैशात एका विद्यार्थ्याचा आठवडाही निघत नाही. तुमच्या ठेवीचं व्याज दरवर्षी पूर्ण वाटलं, तर 40 वर्षांनी तिचीही तीच गत होईल.

शिवाय बक्षीस मिळतं निकाल लागल्यावर. तुमचा मित्र निकालापर्यंत पोचलाच नव्हता. मला तुमच्या पत्रातली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच वाटली. त्याची फी थकली नव्हती, त्याचं जेवण थांबलं होतं. कोल्हापूरला हे नवं नाही. शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगला पाठबळ दिलं आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातल्या मुलाला शहरात झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं नाही तर शाळा असून उपयोग नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. आजही फीसाठी शिष्यवृत्त्या आहेत, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करता येतो, अनेक मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण फी माफ आहे. पण शिष्यवृत्तीचे पैसे येईपर्यंत वर्ष सरत आलेलं असतं, आणि मेसचा मालक जुलैतच आगाऊ मागतो. मुलं घरी परततात ती त्या मधल्या महिन्यांत.

आणि तुमच्याकडे नेमकी त्या वेळी येणारी रक्कम आहे. ज्येष्ठ नागरिक योजनेतल्या 20 लाखांवर 8.2 टक्क्यांनी वर्षाला 1,64,000 व्याज येतं, म्हणजे दर तिमाहीला 41,000. ते एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला जमा होतं. जुलै आणि जानेवारी ही दोन्ही सत्रांची तोंडं. हे दोन हप्ते, म्हणजे 82,000, विद्यार्थ्यांसाठी बाजूला काढा. मेसचे महिन्याला 3,000 धरले तर 10 महिन्यांचे 30,000 होतात. परीक्षा अर्ज आणि एसटीचा पास धरून एका मुलाचं किंवा मुलीचं वर्ष 41,000 मध्ये निघतं. दोघांचं वर्ष तुम्ही उचलू शकता, मुद्दलातला एक रुपयाही न मोडता. उरलेले दोन हप्ते काकूंच्या ऑपरेशनसाठी साठवा. एखाद्या वर्षी घरात आजारपण आलं तर एकाच विद्यार्थ्याला द्या. कायम ठेवीत ही मोकळीक नसते, दिलेले 10 लाख परत मागता येत नाहीत.

एक अट मात्र स्वतःला घाला. ज्याला पहिल्या वर्षी दिलं, त्याला शिक्षण संपेपर्यंत द्या. मधेच थांबलेली मदत काय करते, ते तुम्ही पाहिलेलं आहे.

करसवलतीचा विचार सोडून द्या. पेन्शन आणि व्याज मिळून तुमचं उत्पन्न पावणेआठ लाखांच्या आसपास जातं, नव्या करप्रणालीत त्यावर कर शून्य आहे, आणि देणगीची 80जी वजावट तिथे मिळतही नाही. वर्गमित्रांपैकी जे अजून कमावतात आणि जुन्या प्रणालीत आहेत, त्यांना ती लागू पडेल. मात्र संस्थेला ती मान्यता हवी आणि 2,000 च्या वर रोख देऊन चालत नाही.

पैसे विद्यापीठाच्या किंवा वसतिगृहाच्या अधिकृत खात्यातूनच जाऊ देत, आणि देताना 'भोजन साहाय्य, चालू वर्षी खर्च करण्यासाठी' असं लेखी घाला, नाहीतर रक्कम सर्वसाधारण निधीत मिसळून जाते. वर्गाची वर्गणी कुणा एकाच्या वैयक्तिक खात्यात गोळा करू नका, चांगली मैत्री त्याने बिघडते. 28 जणांनी महिन्याला 500 दिले तरी वर्षाला 1,68,000 होतात, म्हणजे आणखी चार जणांचं जेवण.

आणि कृपया धनादेश देतानाचा फोटो नको. विसाव्या वर्षी आपल्या घरची अडचण चारचौघांत मांडली जाणं फार लागतं. तुमच्या मित्रानेही कुणाला न सांगताच सामान बांधलं असेल.

मित्राचं नाव राहावं ही इच्छा मला पूर्ण समजते. त्यासाठी मृत्युपत्रात तरतूद करा, तुमच्या आणि काकूंच्या पश्चात म्युच्युअल फंडातली रक्कम त्याच्या नावाने याच कामासाठी जावी अशी. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि मुलांना आजच सांगून ठेवा. त्या आधी काकूंसमोर हे सगळे आकडे मांडा. त्या हो म्हणाल्या, तर येत्या जुलैचा हप्ता पहिला.