दारावरची निळी-गुलाबी फीत

प्रश्न : ताई, माझी मुलगी नऊ वर्षांपूर्वी शिकायला इटलीत मिलानोला गेली. तिथेच नोकरी लागली, तिथल्याच मुलाशी लग्न झालं. आता ती ३५ वर्षांची आहे. मुलाचा विषय काढला की "आई, अजून नाही," एवढंच म्हणते. जावयाच्या दोन चुलतबहिणी चाळिशीला आल्या, त्यांनाही मुलं नाहीत. तिथे सरकार मुलामागे दरमहा पैसे देतं, बाळंतपणाची रजा पगारी असते असं ऐकते. मग अडतं कुठे? या मुलींना मूल नकोच आहे का? मी विचारणं बंद करू का?
– एक आई

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण झोप त्यानेच उडवली असणार. मुलीशी बोलणं बंद करू नका. फक्त "कधी?" असं विचारू नका. त्याचं उत्तर तिच्या एकटीच्या हातात नाही, म्हणून तर ती "अजून नाही" म्हणते.

मी १९९८ साली तोरिनोत आले. इथे बाळ जन्मलं की दारावर कापडी फीत लावतात, मुलगा झाला तर निळी, मुलगी झाली तर गुलाबी. तिला 'फ्योक्को' म्हणतात. आमच्या इमारतीत २४ घरं आहेत. पहिल्या तीन वर्षांत मी पाच फिती पाहिल्या. शेवटची पाहिली २०१९ च्या मार्चमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. चौथ्या मजल्यावरच्या एका आजींना नातवंड नाही. जिना चढता चढता आजी त्या दारापाशी थांबल्या आणि फीत दोन बोटांनी सारखी करून वर गेल्या. तेव्हापासून आमच्या जिन्यात फीत लागलेली नाही.

आमच्या जिन्यात जे दिसतं तेच देशभर चाललं आहे. १९६४ साली इटलीत दहा लाखांहून जास्त बाळं जन्मली होती. २००८ मध्ये ती सुमारे ५,७७,००० होती आणि २०२४ मध्ये सुमारे ३,७०,०००. २०२४ मध्ये एका स्त्रीमागे सरासरी १.१८ मुलं, हा इथला तोवरचा नीचांक. याआधीचा नीचांक १९९५ चा, १.१९. दर जवळपास तोच, पण तेव्हा आई होण्याच्या वयातल्या बायकाच खूप होत्या. १९९५ च्या आसपास जन्मलेल्या मुली आज तिशीत आहेत, आणि त्या मुळातच थोड्या आहेत. म्हणून आता प्रत्येक घट दुप्पट लागते.

मूल नको म्हणणाऱ्या बायका इथेही आहेत आणि तो त्यांचा हक्क आहे. पण पाहण्यांमध्ये विचारलं तर बहुतेक जण अजूनही दोन मुलं हवीत असंच सांगतात. मी १९ वर्षं 'कन्सुल्तोरिओ'त दुभाषी आहे. १९७५ च्या कायद्याने सुरू झालेली ही सरकारी केंद्रं. सुईण, स्त्रीरोगतज्ज्ञ, समुपदेशक असे सगळे तिथे असतात आणि सल्ल्याला पैसे पडत नाहीत. समोरच्या खुर्चीवर बसून "मला मूल नको" म्हणणाऱ्या बायका मला थोड्याच भेटल्या. "करार कायम झाला की बघू," असं म्हणणाऱ्या किती भेटल्या, त्याचा हिशोब मी ठेवलेला नाही.

हा करार काय असतो ते सांगते. इथे तरुण मुलं आईवडिलांचं घर सोडतात तेच सरासरी तिसाव्या वर्षी. नोकरी लागते ती मुदतीची, सहा महिने, एक वर्ष, पुन्हा सहा महिने. मुदतीच्या करारावर बँक गृहकर्जाला सहसा तयार होत नाही. म्हणजे आधी कायम नोकरी, मग कर्ज, मग घर, मग मूल. यातली प्रत्येक पायरी दोन-तीन वर्षं खाते. इटलीत आई होतानाचं सरासरी वय २०२४ मध्ये ३२.६ होतं, आणि सरासरी म्हटल्यावर त्याच्या पुष्कळ पुढे गेलेल्याही त्यात आल्याच.

माझी स्वतःची गोष्ट मी फारशी सांगत नाही, पण तुम्हाला सांगते. २००१ साली मला एका कार्यालयात पहिली नोकरी मिळाली. रुजू होताना दोन कागदांवर सही घेतली. एक नेमणुकीचा, दुसरा राजीनाम्याचा. दुसऱ्यावर तारखेची जागा कोरी होती. या प्रकाराला इथे नावसुद्धा होतं, 'कोरा राजीनामा', इतका तो सर्रास चालायचा. दोन वर्षांनी पोट दिसायला लागलं आणि त्या कोऱ्या जागेत तारीख पडली. मुलगा झाला, त्याचा आनंद खूप मोठा होता. पण पुन्हा धड नोकरी लागेपर्यंत तीन वर्षं गेली आणि दुसऱ्या मुलाचा विचार त्या वर्षांत विरून गेला. मला दोन हवी होती.

हा प्रकार रोखायला २००७ मध्ये कायदा झाला, पुढच्याच वर्षी तो रद्द केला गेला. २०१६ पासून राजीनामा ऑनलाइनच द्यावा लागतो, त्यामुळे कोऱ्या कागदाची युक्ती आता चालत नाही. तरीही नोकऱ्या सुटतातच. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत आईने किंवा वडिलांनी राजीनामा दिला तर कामगार निरीक्षक तो तपासून मान्य करतात. २०२२ साली असे ६१,००० हून जास्त राजीनामे मान्य झाले. त्यातले सुमारे ७३ टक्के आयांचे होते.

आता सरकारी पैशांचं. मार्च २०२२ पासून प्रत्येक मुलामागे दरमहा भत्ता मिळतो. २०२५ साली तो उत्पन्न पाहून साधारण ५७ ते २०१ युरो होता. सक्तीची रजा पाच महिन्यांची, ८० टक्के पगाराची. वडिलांना दहा दिवस, पूर्ण पगारी. हे सगळं खरं आहे आणि मला ते मोलाचं वाटतं. पण भत्ता बाळ आल्यावर मिळतो, आणि तुमच्या मुलीची अडचण बाळ येण्याआधीची आहे.

रजा संपल्यावर बाळाला ठेवायचं कुठे? तीन वर्षांखालच्या १०० मुलांमागे पाळणाघरात जेमतेम तिसेक जागा आहेत, दक्षिणेकडे त्याहून कमी. युरोपीय संघाने २००२ मध्ये ३३ टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं होतं, आता २०३० पर्यंत ४५ टक्क्यांचं ठेवलं आहे. त्यामुळे इटलीचं खरं पाळणाघर म्हणजे आजी, 'नोन्ना'. आणि इथे निवृत्तीचं वय ६७ आहे. तुमच्या विहीणबाई अजून नोकरी करत असतील तर त्या दुपारी नातवंडाजवळ कशा बसणार? आई उशिरा झाली की आजीही उशिराच मिळते, कधी दमलेली, कधी स्वतःच आजारी. हा पेच मी घराघरांत पाहिला आहे.

स्वार्थ, चैन, धर्म सोडला, अशी कारणं लोक तावातावाने सांगतात. त्यांना मी दोन आकडे दाखवते. २०२४ मध्ये उत्तरेकडच्या बोल्झानो प्रांतात एका स्त्रीमागे १.५१ मुलं होती आणि सार्डिनियात ०.९१. देश एकच, केंद्र सरकारचा भत्ता एकच. बोल्झानोत रोजगार आहे आणि घरीच चार-सहा मुलं सांभाळणाऱ्या प्रशिक्षित बायकांची जुनी, बसलेली व्यवस्था आहे. सार्डिनियातली तरुण मुलं कामासाठी बेट सोडून जातात. तिथल्या बायकांना माया कमी आहे असं कोण म्हणेल?

ताई, तुमची मुलगी ३५ ची आहे हे मात्र मी मऊ करून सांगणार नाही. पुढची तीन-चार वर्षं महत्त्वाची आहेत, आणि ती हे तुमच्या-माझ्याइतकंच जाणून आहे. तिला विचारा, "बाळ झालं तर मी येऊन किती दिवस राहू?" पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. बहुतेक आया बाळंतपणाला येतात आणि मुलीची रजा संपायच्या आत परत जातात. जमलं तर रजा संपताना जा. ती कामावर रुजू होते आणि पाळणाघराच्या यादीत नंबर लागलेला नसतो, ते तीन महिने सगळ्यांत कठीण असतात. 'येशील?' असं स्वतःहून विचारायला मुली कचरतात. तुम्ही आधी म्हणालात तर तिच्या हिशोबातली एक अडचण तरी कमी होईल.

•

प्रश्न : मावशी, मी ३६ वर्षांची आहे, बोलोन्यात विद्यापीठात संशोधन शिष्यवृत्तीवर आहे. जोडीदार इथलाच, आम्ही एकत्र राहतो. सहज म्हणून एएमएच ही रक्तातल्या संप्रेरकाची तपासणी केली, आकडा कमी आला. डॉक्टर म्हणाले, "घाई करा." आता दिवसभर तोच आकडा डोक्यात आहे. शिष्यवृत्ती १४ महिन्यांनी संपते. बीजांडं गोठवू का? की सगळं सोडून आत्ताच प्रयत्न करू?

उत्तर : बाळ, तो कागद आधी फाइलमध्ये ठेव. एएमएचवरून अंडाशयात बीजांडं साधारण किती उरली आहेत याचा अंदाज येतो, आणि उपचार करायचे झाले तर इंजेक्शनांना अंडाशय कितपत दाद देईल ते कळतं. या महिन्यात तुला नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही, हे त्यावरून कळत नाही. बीजांडाचा दर्जा ठरतो तो मुख्यतः वयावर, आणि ३६ म्हणजे दार बंद झालेलं नाही. पण ३८ नंतर उतार वेगाने येतो, हेही तितकंच खरं. त्यामुळे डॉक्टरांचं म्हणणं चुकलं असं मी म्हणणार नाही. ते दोन शब्दांत आटोपायला नको होतं.

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये इथल्या तेव्हाच्या आरोग्यमंत्री बेआत्रिचे लोरेन्झिन यांनी जननक्षमता दिवस ठेवला होता. एका पोस्टरवर हातात वाळूचं घड्याळ धरलेली तरुणी होती आणि वर ओळ होती, "सौंदर्याला वय नसतं, जननक्षमतेला असतं." आमच्या प्रतीक्षाकक्षात त्या आठवड्यात बायका किती संतापल्या होत्या! ओळ खोटी नव्हती. पण ज्यांना नोकरी नव्हती, घर नव्हतं, त्यांच्याच हातात घड्याळ दिलं होतं. तुझ्या हातातही परवा तेच दिलं गेलं.

तुझ्या पत्रात न आलेली एक गोष्ट सांगते. तुझी शिष्यवृत्ती २०१० च्या कायद्याखालची 'आस्सेन्यो दी रिचेर्का' असेल, तर सक्तीच्या रजेचे पाच महिने ती थांबते, बुडत नाही. तेवढे दिवस विमा संस्था पैसे देते आणि कमी पडेल ते विद्यापीठ भरतं. प्रशासन कार्यालयात जाऊन हे लेखी विचार. कितीतरी संशोधक मुलींना ठाऊकच नसतं, आणि त्या करार संपायची वाट बघत बसतात.

जोडीदार सोबत आहे आणि दोघांनाही मूल हवं आहे, तर माझं मत प्रयत्न सुरू करावेत असं आहे. फॉलिक अॅसिड आजपासून घे. ३५ नंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासणीला जावं, वर्षभर थांबू नये. आणि त्याची वीर्यतपासणी आधीच करून घ्या. ती साधी आणि स्वस्त असते, तरी घरोघरी शेवटी ढकलली जाते, आणि तोवर बाईच्या रक्ताच्या दहा तपासण्या होऊन गेलेल्या असतात.

गोठवण्याबद्दल : केवळ वय वाढतंय म्हणून गोठवायचं असेल तर सरकारी आरोग्यसेवा सहसा खर्च उचलत नाही, खाजगीत काही हजार युरो जातात. जोडीदार नसता तर मी कदाचित वेगळं बोलले असते. गोठवलेली बीजांडं म्हणजे एक संधी असते, हमी नसते.

पुढे आयव्हीएफची वेळ आलीच, तर काळ पूर्वीपेक्षा बरा आहे. २००४ च्या कायद्याने एका वेळी तीनच भ्रूण आणि तिन्ही एकदमच गर्भाशयात सोडायचे असं बंधन घातलं होतं. ते घटना न्यायालयाने २००९ मध्ये काढलं. दात्याच्या बीजावरची बंदी २०१४ मध्ये गेली. २०२५ पासून हे उपचार देशभरातल्या हक्काच्या सरकारी सेवांमध्ये आले आहेत. प्रतीक्षायादी प्रांतागणिक वेगळी असते, म्हणून बोलोन्यात नाव कधी नोंदवता येईल हे आत्ताच विचारून ठेव. कायदा मात्र अजूनही फक्त स्त्री-पुरुष जोडप्यालाच परवानगी देतो, लग्न झालेलं असो वा एकत्र राहणारं. संमतीच्या कागदावर दोघांच्या सह्या लागतात. तेव्हा कन्सुल्तोरिओत जाशील तेव्हा त्यालाही घेऊन जा, आणि तो एएमएचचा कागद त्याच्याकडे दे.