बहुवारिकातला ‘वार’

बहुवारिक म्हणजे पॉलिमर, ‘एकवारिक’ नावाच्या लहान घटकांची लांब साखळी. त्यावर प्रश्न असा आला आहे : दोन पॉलिस्टर एकत्र वितळवले तर ते मिश्रण की सहबहुवारिक (कोपॉलिमर)? आणि त्यात एकवारिकांचा क्रम बदलतो, त्याला ‘पुनर्रचना’ म्हटलेलं चालेल का?

आधी एक विनंती. ‘सहबहुवारिक म्हणजे दोन बहुवारिकांचं मिश्रण’ हे वाक्य आता पुरे. मिश्रणात साखळ्या वेगवेगळ्या असतात. सहबहुवारिकात एकाच साखळीत दोन तऱ्हेचे घटक. पॉलिस्टरांची गंमत एवढीच, की मिश्रणाचं सहबहुवारिक होऊ शकतं. पीईटी आणि पीईएन हे दोन पॉलिस्टर एकत्र 280 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळलेले ठेवा. घटकांना जोडणारे एस्टर बंध सुटतात आणि दुसऱ्या साखळीच्या तुकड्याशी जुळतात. साखळीत आधी एकेका घटकाचे लांब ठोकळे, मग आखूड, शेवटी सरमिसळ. हे मोजायला ‘बी’ नावाचा अंक आहे : 0 म्हणजे निव्वळ मिश्रण, 1 म्हणजे पूर्ण यादृच्छिक, 2 म्हणजे काटेकोर एकाआड एक. या अदलाबदलीत साखळ्यांची संख्या तेवढीच राहते, एस्टर बंधांचीही. बदलते ती घटकांची पाळी.

पाळी! ‘बहुवारिक’ शब्दावर माझा जीव आहे तो यासाठीच. संस्कृतात ‘वार’ म्हणजे खेप, पाळी. ‘वारंवार’ त्यातलाच, सोमवार म्हणजे सोमाची पाळी. ‘पॉलिमर’मधला ग्रीक ‘मेरोस’ म्हणजे ‘भाग’ एवढं सांगून लोक थांबतात. पण त्याच शब्दाचा ‘पाळी’ असाही अर्थ आहे. ‘एन मेरेई’ म्हणजे पाळीपाळीने. ‘वारिक’ घडवणाऱ्याला हे ठाऊक होतं असं माझं ठाम मत आहे, पुरावा मागू नका. हिंदीतल्या ‘बहुलक’चं कौतुक करणाऱ्यांनी सांगावं, त्यात ‘मेरोस’ गेला कुठे?

‘पॉलिमर’च्या ‘मूळ अर्था’साठी स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसकडे धावणाऱ्यांनीही जपून. 1833 मध्ये त्याने हा शब्द वापरला तो मूलद्रव्यांचं प्रमाण तेच, पण रेणूतली अणुसंख्या वेगळी, अशा पदार्थांसाठी. पॉलिस्टर ज्या क्रियेने बनतं त्या संघननात पाण्यासारखा लहान रेणू बाहेर पडतो, म्हणजे प्रमाणच बदलतं. त्या व्याख्येने पॉलिस्टर बहुवारिकच ठरत नाही!

हां, ‘पुनर्रचना’. चालेल, पण त्यात कोणीतरी बसून नवी मांडणी केल्याचा भास आहे, आणि इथे तर मांडणी मोडतच जाते. मी ‘पाळीपालट’ म्हणेन. फक्त तो पॉलिएथिलीनला लावू नका. तिथल्या कार्बन-कार्बन कण्याला ही अदलाबदल जमत नाही.