ओरडणारा पेशंट आणि गप्प बसणारा

अगं, नर्स म्हणून पहिल्याच आठवड्यात पेशंट अंगावर ओरडला म्हणून रडू नकोस. ओरडणारा माणूस बऱ्याचदा घाबरलेला असतो. सदाशिव पेठेतले निवृत्त हेडमास्तर घे. जन्मभर दुसऱ्यांना शिस्त लावली, आता गाऊन घालून बेडपॅन मागायचं! मग सलाइनच्या थेंबांचा हिशेब मागत बसतात. अशांना विचारायचं, ‘काका, सुई उजव्या हाताला लावू की डाव्या?’ एवढा निर्णय हाती दिला तरी आवाज खाली येतो.

पण प्रत्येक चिडचिड स्वभावातून येत नाही. मधुमेहाचा पेशंट एकदम तिरसट बोलायला लागला, घाम फुटला, तर आधी ग्लुकोमीटर (रक्तातली साखर मोजायचं यंत्र) काढ; साखर ७० च्या खाली गेलेली असू शकते. स्टेरॉइडने झोप उडते, मूड फिरतो. आजी संध्याकाळी अचानक असंबद्ध बोलू लागल्या तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नकोस, लगेच डॉक्टरांना कळव. डिलिरियम, म्हणजे अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ, असतो कधी कधी, आणि त्यामागे लघवीचं साधं इन्फेक्शनही निघतं.

पेशंट आल्या आल्या बीपी घेऊ नकोस, ५ मिनिटं बसू दे. भीतीनेच वाढतं.

मला खरी धास्ती गप्प पेशंटची. हडपसरहून येणाऱ्या मावशी, ‘काही त्रास नाही हो,’ म्हणणाऱ्या. मन खचलं की गोळ्याही सुटतात. ‘गोळ्या घेता ना?’ विचारलंस तर ‘हो’च येणार. त्यापेक्षा ‘आठवड्यात किती वेळा राहून जातात?’ असं विचार, आणि मग जरा थांब.